९६ जणांमागे एक

पुण्यातील आमच्या कंपनीत सेल्सफोर्स हे ग्राहकांच्या व विक्रीच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर वापरणारे ९६ जण आहेत आणि ते सांभाळणारा ॲडमिन एकच आहे. तो म्हणजे मी. सुरुवातीला वापरणारे १२ होते आणि ‘तुम्हाला कॉम्प्युटरमधले कळते’ एवढ्या पात्रतेवर हे काम माझ्या मूळ कामाच्या पाठीवर चढवण्यात आले. पुढे माणसे वाढत गेली, पाठ मात्र तीच राहिली.

यंदा धीर करून मी साहेबांकडे मदतनीस मागितला. या क्षेत्रात एक ढोबळ हिशेब प्रचलित आहे : ३० जणांपर्यंत अर्धवेळ माणूस चालतो, ७४ पर्यंत एक पूर्णवेळ लागतो आणि ७५ ते १४९ जणांमागे एक अनुभवी व एक नवखा असे दोघे असावेत. साहेबांनी तो कागद वाचला, ‘तुम्ही दिवसभर नेमके काय करता?’ असे निरागसपणे विचारले आणि महिनाभराच्या कामाची एक्सेल शीट मागितली.

शीटमध्ये ‘दोन मिनिटांचे काम’ कसे मांडावे, हे मला अजूनही उमगलेले नाही. फॉर्मवर एक नवा रकाना वाढवायला खरोखरच दोन मिनिटे लागतात. परंतु तो कोणाला दिसावा, कोणाला बदलता यावा, कोणत्या रिपोर्टमध्ये यावा हे ठरवून, सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रतीत, तपासून तो सुरू करेपर्यंत, ज्यांनी मागितला होता त्यांनाच तो नकोसा झालेला असतो. ग्राहकाचा मोबाइल क्रमांक सक्तीचा केला, तेव्हा विक्री विभागाने आज्ञाधारकपणे शेकडो ग्राहकांना दहा वेळा नऊ हा एकच क्रमांक बहाल केला. ते निस्तरण्याचे तास मी ‘इतर’ या सदरात घातले. वर्षातून तीनदा नवी आवृत्ती येते, ती निदान सांगून तरी येते. दसऱ्याचा मोबाइल मात्र न सांगता येतो : २०२२ पासून लॉगिनला दुहेरी पडताळणी सक्तीची झाली असल्याने, नवा मोबाइल घेणाऱ्याचे पडताळणीचे ॲप जुन्या मोबाइलबरोबर मेव्हण्याकडे जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गृहस्थ माझ्या टेबलाशी उभा असतो.

बेरीज २३१ तास झाली; त्यांतले १९ तास ही शीट भरण्यात गेले होते, हेही मी प्रामाणिकपणे लिहिले. कामाचे तास १७६ असताना २३१ तासांचे काम पार पडते, याचा अर्थ ते एकट्याला व्यवस्थित झेपते, असा निष्कर्ष साहेबांनी काढला. तरीही माझ्यावर अन्याय नको म्हणून त्यांनी माझ्या कामाचा अभ्यास करण्यासाठी तिघांची समिती नेमली. समितीला प्रत्यक्ष पाहणी करायची असल्याने तिघांनाही लॉगिन द्यावे, असा आदेश निघाला.

आता आम्ही ९९ आहोत. समितीची पहिली बैठक सोमवारी व्हायची होती, ती पुढे ढकलली आहे. तिघेही पासवर्ड विसरले आहेत.