‘पत्र्याचं सोंग’ म्हणणाऱ्या वाचकास

आपली प्रतिक्रिया वाचली. फ्रान्सच्या आठव्या क्युरासियर रेजिमेंटवरच्या (क्युरासियर म्हणजे छाती-पाठीला लोखंडी चिलखत घालणारे घोडेस्वार) माझ्या लेखाला आपण ‘विकिपीडियाचा फोडणीचा भात’ म्हणालात. मतभेदाला माझी ना नाही. पण ओळख ना देख, आणि ‘लेखकमहाशयांनी आधी अभ्यास करावा’ ही कुठली भाषा?

एक मान्य. फ्रान्स-प्रशिया युद्धातली या रेजिमेंटची ६ ऑगस्ट १८७०ची धडक राइशोफेनला नव्हे, मोर्सब्रॉन गावात झाली, हे मी कंसात तरी टाकायला हवं होतं. फ्रान्समध्येही सगळे राइशोफेनच म्हणतात, तो भाग वेगळा.

आता आपलं ते वाक्य: ‘वॉटर्लूचं भोक पडलेलं चिलखत पाहा, म्हणजे कळेल ते पत्र्याचं सोंग होतं.’ पाहिलंय हो! पॅरिसच्या लष्करी संग्रहालयात, काचेला नाक लावून. ते फोव्हो नावाच्या काराबिनिए (चिलखती घोडदळाचा दुसरा प्रकार) स्वाराचं आहे, क्युरासियरचं नव्हे. आणि भोक तोफगोळ्याचं आहे. तोफगोळ्यापुढे काय टिकतं, सांगा बरं?

चिलखत होतं तलवार, भाला, पिस्तूल आणि लांबून दमून आलेली गोळी यांच्यासाठी. नेपोलियनची ऑस्ट्रियनांशी एकम्यूलची लढाई, २२ एप्रिल १८०९. अंधार पडता पडता दोन्हीकडचे क्युरासियर भिडले. ऑस्ट्रियनांच्या फक्त छातीवर पत्रा, फ्रेंचांच्या पाठीवरही. ऑस्ट्रियन मागे वळले आणि पाठीत वार खाऊन पडले. सात-आठ किलो लोखंड कुणी हौसेनं अंगावर वागवत नाही. मी कॉलेजात एनसीसीच्या घोडदळ तुकडीत होतो. भरधाव घोड्यांच्या गर्दीत पाठ उघडी असणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. तुम्ही बसलायत कधी घोड्यावर? माथेरान धरू नका.

आणि १६ जून १८१५ला काट्र ब्राच्या लढाईत याच आठव्या रेजिमेंटनं इंग्रजांची ६९वी पलटण फोडून तिचं निशाण पळवलं. तेही सोंगच का?

बाकी, आपलं म्हणणं की मोर्सब्रॉनला मिशेलच्या ब्रिगेडला (आठवी रेजिमेंट तिच्यातच होती) अरुंद गल्लीत, खिडक्यांतल्या बंदुकांसमोर लोटणं हा सेनापतींचा गाढवपणा, मी त्याचं शौर्य केलं, वगैरे. फ्रेंच सेनापती लार्तिगच्या पायदळ डिव्हिजनला माघारीसाठी उसंत मिळावी म्हणून ती धडक होती, एवढं लिहून तो विषय सोडतो.

१९१६ साली या रेजिमेंटला घोड्यांवरून उतरवून ‘पायदळी क्युरासियर’ म्हणून खंदकांत धाडलं. ते पुढच्या लेखात. तुम्ही वाचलाच पाहिजे असं नाही.