हातमोजे का घातले आणि अंडरआर्म का केले नाहीत

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. आमच्या पार्लरमधल्या मुलीने तुमचं वॅक्सिंग हातमोजे घालूनच केलं, त्यामुळे 'मला काय रोग झालाय का?' असं तुम्हाला वाटलं. काखेत एवढासा केसतोड होता म्हणून तिने अंडरआर्म करायला नकार दिला. वर किटचे ५० रुपये वेगळे लावले, आणि पेठेतल्या तुमच्या जुन्या पार्लरमध्ये हे असलं काही नसतं. मध्येच हातमोजे बदलले, ती नासाडी, असंही तुम्ही लिहिलंय.

यातली पहिली गोष्ट मला फार लागली. माणसाला लांब ठेवून वागवणं काय असतं हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. तसं आमच्याकडे कोणाला वाटावं, हे मला चालणार नाही. म्हणून स्पष्ट सांगते, ते हातमोजे तुम्हाला बघून घातलेले नव्हते. तुमच्या आधीच्या कॉलेजच्या मुलीच्या वेळी ते होते, तुमच्या नंतरच्या काकूंच्या वेळी होते, आणि माझी सख्खी बहीण आली तरी असतात. कोणाच्या अंगात कसला संसर्ग आहे हे चेहरा बघून कळत नाही, कित्येकदा त्या माणसालाही माहीत नसतं. त्यामुळे नियम सर्वांना एकच ठेवावा लागतो. माणूस बघून हातमोजे घालायचे ठरवलं, तर तो मात्र खरंच अपमान होईल.

वॅक्सिंगमध्ये केस मुळापासून निघतो आणि त्याच्यासोबत कातडीचा वरचा पातळ थरही निघतो. काख, बिकिनी, हनुवटी इथले केस जाड असतात. तिथे स्ट्रिप ओढली की क्षणभराने टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके वर येतात. हात डोक्यावर घेऊन पडलेल्या क्लायंटला ते दिसत नाहीत, काम करणाऱ्या मुलीला दिसतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. आमच्या मुलींना मी त्याची लस देते (पहिला डोस, मग १ महिन्याने, मग ६ महिन्यांनी), पण लस फक्त त्या एका आजाराची. चामखीळ, नागीण, पू होणारे जंतू यांचं काय?

आणि हे दोन्ही बाजूंनी आहे. आमच्या मुली दिवसभर थ्रेडिंग करतात. त्या दोऱ्याने बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडतात, लग्नसराईत तर त्या भरतच नाहीत. ते उघडं बोट तुमच्या नुकत्या वॅक्स केलेल्या काखेवर दाबलं जावं, असं तुम्हालाही वाटणार नाही.

आता नासाडीबद्दल. काम चालू असताना तुमचा फोन वाजला आणि तिने तो पर्समधून काढून तुमच्या हातात दिला. फोन, पडदा, पैसे, दाराची कडी, यातल्या कशालाही हात लागला की ती जोडी गेली. तेच हातमोजे घालून पुन्हा अंगाला हात लावायचा असेल, तर ते न घातलेलेच बरे. हातमोजे घातले म्हणजे सगळं स्वच्छ झालं, हा समज मला फार धोक्याचा वाटतो. आत बारीक छिद्र असू शकतं, म्हणून घालण्याआधी आणि काढल्यानंतर साबणाने हात धुवायचेच. आम्ही नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे वापरतो. लेटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची काहींना अॅलर्जी असते, शिवाय वॅक्सनंतरच्या तेलाने लेटेक्स कमजोर होतं.

खरं सांगायचं तर हातमोज्यांपेक्षाही मी काडीबद्दल जास्त कडक आहे. काडी एकदा वॅक्समध्ये बुडवायची, एकदा लावायची, टाकायची. अंगाला लागलेली काडी परत डब्यात गेली, की त्या दिवशीच्या पुढच्या प्रत्येक बाईच्या अंगाला तुमचं आणि तुमच्या अंगाला आधीच्यांचं लागणार. 'वॅक्स गरम असतं, जंतू मरतात' असं अनुभवी ब्युटिशियनसुद्धा सांगतात. ते चूक आहे. कातडीला सोसेल एवढ्या उष्णतेवर डबा निर्जंतुक होत नाही. रोल-ऑनचंही तेच, एकच रोलर सगळ्यांच्या अंगावरून फिरत असेल तर. एकच सुरी सर्वांना आणि जीन्सच्या कापडाच्या पट्ट्या धुऊन परत, हे मीही शिकताना पाहिलंय. माझ्या पार्लरमध्ये ते होणार नाही.

किटचे ५० रुपये या काड्या, कागदी स्ट्रिप, बेडवरचा कागद आणि हातमोजे यांचे आहेत. काउंटरवरच्या दरपत्रकात ते वेगळे लिहिलेत, म्हणजे तुमच्यासाठी नवीन काय उघडलं ते तुम्हाला मोजून बघता येतं. पाकीट तुमच्यासमोरच फोडलं जातं. वापरलेलं सगळं आम्ही कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून देतो, म्हणजे कचरा नेणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंना तो वेगळा करताना त्यात हात घालावा लागत नाही. त्यांचेही हात हातच आहेत.

राहिला केसतोड. तिथे स्ट्रिप ओढली असती तर तो फुटला असता आणि शेजारच्या मोकळ्या झालेल्या छिद्रांमध्ये पू पसरला असता. एकाचे चार व्हायला वेळ लागत नाही, आणि काखेत ते किती ठणकतात हे ज्याला झालंय त्याला विचारा. आमच्या मुलीने नकार दिला, तुम्ही रागावलात तरी आवाज न चढवता दिला, आणि अंडरआर्मचे पैसे लावले नाहीत. या बाबतीत मी पूर्ण तिच्या बाजूने आहे. उद्या दुसऱ्या कोणाला असंच सांगायची वेळ आली, तर तिने तेच सांगावं असं मी तिला सांगितलंय.

केसतोड दाबू नका, त्यावर रेझर फिरवू नका, कोमट पाण्याचा शेक द्या. वाढत असेल, ताप आला किंवा सारखे होत असतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. पूर्ण बसून कातडी नेहमीसारखी झाली की या. शनिवार-रविवार सोडून सकाळी आलात तर गर्दी नसते. त्या दिवशी घट्ट बाह्यांचा ड्रेस नको, आणि वॅक्सनंतर एक दिवस जिम आणि स्विमिंग टाळा. तीच मुलगी हवी की दुसरी, ते फोनवर सांगा, तशी वेळ ठेवते. हातमोजे दोघीही घालतील.