खुलासा: तलावाच्या भरावात ‘केमिकल’ सोडलेलं नाही

कालपासून गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय: “पाझर तलाव फोडायला बोअर मारलेत, समुद्राच्या भिंतीला वापरतात ते केमिकल त्यात सोडलंय.” व्हिडिओ आपल्याच तलावाचा आहे, मजकूर मात्र खोटा.

भोकं पाडलीत, हे खरं. भराव गळत होता. नितळ पाणी पाझरलं असतं तर एवढी घाई नव्हती. पण खालच्या अंगाला गढूळ पाणी यायला लागलं, म्हणजे आतली माती वाहून चालली होती. म्हणून पायथ्याशी आधी वाळू, तिच्यावर खडी अंथरली. पाणी निघून जातं, माती अडते. मग गळती बुजवायला भोकांतून सिमेंट आणि बेन्टोनाइट मातीचा (ही पाण्यात फुगणारी चिकणमाती) घोळ ओतला, ताकापेक्षा जरा दाट, नरसाळ्यानं, पंपाचा जोर न लावता. दाब जास्त झाला की मातीचा भराव आतून चिरतो.

समुद्राच्या भिंतीमागची माती वाहून पोकळी पडली की पाणी लागताच फुगणारं पॉलियुरेथेन नावाचं केमिकल भरतात. ते इथे नाहीच. रिकाम्या गोण्या भरावाजवळच पडल्यात, छापलेलं वाचून या. (पोरांनी त्यांच्यावर बसून रीलही काढलीय.)

भरावावरून ट्रॅक्टर मात्र सध्या नेऊ नका.