एक स्टारवाल्या रिव्ह्यूला उत्तर: रिमोट डेस्कटॉप घरात चालतं, मग दुकानावरून का चालत नाही

राम राम दादा. तुमचा रिव्ह्यू वाचला. "विंडोज प्रो घ्यायला लावलं, घरी चालवून दाखवलं, पैसे घेतले, दुकानावर गेल्यावर बंद. पोर्ट उघडून द्या म्हटलं तर नाही म्हणतात, दुसरा पोरगा पाच मिनिटात देतो म्हणायलाय. यांना काम येत नाही." राग समजतो, सोयाबीनची आवक चालू झाली की आडतीवर माणसाला पाणी प्यायला टाइम नसतो, त्यात रिमोट डेस्कटॉपनं, म्हणजे लांबून घरचा पीसी चालवायच्या सोयीनं, घरच्या पीसीवरची टॅली उघडेना म्हणल्यावर डोकं फिरणारच. पण काम येत नाही असं लिहिलंत म्हणून इथंच सविस्तर लिहायलो, लातुरात बऱ्याच जणांचं इथंच अडायलंय, त्यांच्याबी कामी येईल.

प्रोचं आधी सांगतो. तुमच्या पीसीत विंडोज होम होतं. होमवरून दुसऱ्या पीसीत जाता येतं, पण होमवाल्या पीसीत बाहेरून रिमोट डेस्कटॉपनं येता येत नाही, ती सोय प्रोमध्ये आहे. क्रोम रिमोट डेस्कटॉप होमवरबी चालतं हे मी तेव्हाच बोललो होतो, पण तुम्हाला शेतकऱ्याची पट्टी दुकानाच्या प्रिंटरवर निघायला पाहिजे होती अन् त्यात ते सरळ होत नाही. म्हणून प्रो. फॉरमॅट न मारता अपग्रेड केलंय, टॅलीचा डेटा जागचा हललेला नाही.

आता मेन गोष्ट. घरी लॅपटॉपवर तुम्ही 192.168.1 नं सुरू होणारा नंबर, म्हणजे पीसीचा घरातल्या वायफायवरचा पत्ता (आयपी), टाकला अन् लगेच पीसी उघडला, कारण दोन्ही एकाच वायफायवर होते. तोच नंबर दुकानावर टाकला की लॅपटॉप घरी जातच नाही, तो दुकानाच्याच राऊटरखाली त्या नंबरचं मशीन हुडकत बसतो, कारण हे नंबर घराघरात तेच असतात. रिक्षावाल्याला नुसतं शिवाजी चौक म्हणलं तर तो ह्याच गावच्या चौकात सोडणार, तसं आहे हे. हे तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं, दुकानाचं काम वेगळं करावं लागंल म्हणून, तुम्ही म्हणालात बघू नंतर.

मग राहिलं पोर्टचं, म्हणजे बाहेरून राऊटरमधून आत यायच्या दरवाजाचं. तुमच्या राऊटरच्या पानावर वॅन आयपी (नेटवाल्यानं राऊटरला दिलेला पत्ता) बघितला तर तो 100.81 नं सुरू होतो, अन् मोबाईलवर त्याच वायफायवरून "माझा आयपी काय" असं सर्च केलं तर भलताच नंबर येतो. दोन नंबर जुळंनात म्हणजे काय, तर नेटवाल्यानं बऱ्याच गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा आयपी दिलाय, त्याला सीजीनॅट म्हणतात, 100.64 पासून 100.127 पर्यंतचे नंबर त्यासाठीच राखून ठेवलेत. अशा लाईनवर तुमच्या राऊटरमध्ये कितीबी पोर्ट फॉरवर्ड करा, बाहेरून आलेली रिक्वेस्ट नेटवाल्याच्याच मशीनवर अडते, तुमच्या घरापर्यंत पोचतच नाही. तो पोरगा पाच मिनिटात पोर्ट उघडंल, पण चालणार नाही. ते चालवायला नेटवाल्याकडून वेगळा पब्लिक आयपी घ्यावा लागतो.

अन् समजा घेतला, तरीबी 3389 उघडा टाकून मी देणार नाही. कुणालाच देत नाही. रिमोट डेस्कटॉपचा हा ठरलेला पोर्ट, तो उघडा दिसला की जगभरातनं बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) येऊन रात्रंदिवस पासवर्ड मारत बसतात, नंबर बदलून 3390 केला तरी स्कॅनरला सापडतोच. 2019 साली ब्लूकीप नावाचं भोक निघालं होतं, त्यात तर पासवर्डचीबी गरज नव्हती, मायक्रोसॉफ्टला सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढावा लागला. सगळ्या शेतकऱ्यांची येणी-देणी ज्या पीसीत आहेत तो रॅन्समवेअरनं (फाईली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं) लॉक झाला तर पहिला फोन मलाच येईल.

ह्याचा इलाज मी तेव्हाबी सांगितला, आताबी तोच आहे. टेलस्केलसारखं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून दोन मशीनमध्ये खाजगी रस्ता बनवणारं सॉफ्टवेअर, दोन्ही मशीनवर टाकायचं, एकाच अकाउंटनं साइन-इन करायचं, मग दोन्ही मशीन आपणहून बाहेर पडून एकमेकाला भेटतात, सीजीनॅटचा अडथळा राहत नाही अन् पोर्टबी उघडावा लागत नाही. तुम्ही म्हणालात लॅपटॉपवर अजून एक सॉफ्टवेअर नको. तुमची मर्जी, पण मग दुकानावरून चालत नाही हे माझ्या नावावर नका टाकू.

लाईटचंबी सांगतो, कारण "कधी कधी घरीसुद्धा लागत नाही" असं तुम्ही खाली लिहिलंय. लाईट जाऊन आली की राऊटर आपोआप चालू होतो, पीसी होत नाही. त्यासाठी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) लाईट आल्यावर चालू हो अशी सेटिंग असते, ती मी करून दिलीय, पण पीसीचा बोर्डावरचा खटका वहिनी रात्री बंद करतात असं त्याच म्हणाल्या, तिथं बायोस काय करणार. स्लीपबी बंद ठेवा, झोपलेल्या पीसीत जाता येत नाही. राऊटरमध्ये पीसीचा नंबर बांधून टाकलाय, तेवढा राऊटर रिसेट करू नका.

दुकानाचा लॅपटॉप घेऊन कधीबी या, व्हीपीएन टाकून तुमच्यासमोर मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून चालवून दाखवतो, म्हणजे घरच्या वायफायचा संबंधच नको. परत व्हिजिट चार्ज नाही, तुम्हीच येणार म्हणल्यावर कशाचा चार्ज. फक्त येताना विंडोजचा पासवर्ड आठवून या. चार आकडी पिन रिमोटला चालत नाही, तो त्या पीसीपुरताच असतो.