घराचा सौदा कशाच्या बळावर?

पुण्या-मुंबईत जुनी सदनिका विकत घेण्याचा विषय निघाला की परदेशातल्या व्यवहारांबद्दल दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले मत असे की, तिकडे किंमत ठरलेली असते, घासाघीस नसते आणि म्हणून तिथला बाजार स्वच्छ असतो. दुसरे मत असे की, परदेशात राहणारी आपली माणसे मागेल ती रक्कम मोजून मोकळी होतात आणि त्यामुळे इथल्या नोकरदाराला विक्रेत्याशी बोलायला जागाच उरत नाही. मी स्कॉटलंडमधल्या एडिंबरामध्ये राहते, इथे घर घेतले आहे आणि पुण्यातल्या घरच्या खरेदीच्या बोलण्यांतही बसले आहे. या दोन्ही अनुभवांनंतर माझे मत असे झाले आहे की, विक्रेत्याशी होणाऱ्या बोलणीचे यश जिभेच्या चातुर्यावर फार थोडे अवलंबून असते. बोलणी सुरू होण्याआधी खरेदीदाराच्या हातात कोणती माहिती आली आहे, यावर ते ठरते.

पहिले मत तर सरळ चुकीचे आहे. स्कॉटलंडमध्ये बहुतेक घरांची जाहिरात ‘ऑफर्स ओव्हर’ या शब्दांनी होते, म्हणजे छापलेल्या रकमेच्या वर बोली अपेक्षित असते. घराला मागणी जास्त असेल तर विक्रेत्याच्या बाजूने एक दिवस आणि वेळ जाहीर होते आणि प्रत्येक इच्छुकाने तोपर्यंत आपल्या वकिलामार्फत एकदाच बंद बोली द्यायची असते. दुसऱ्यांनी किती रक्कम लिहिली हे कोणालाही कळत नाही. विक्रेत्यावर सर्वांत मोठी बोली स्वीकारण्याचे बंधन नसते. ताब्याची तारीख किंवा कर्जाची खात्री पाहून तो कमी रकमेचीही निवड करू शकतो. ही पद्धत मला निर्दय वाटते, कारण न दिसणाऱ्या स्पर्धकाच्या भीतीने माणसे पेलवणार नाही एवढी रक्कम लिहून बसतात.

तरीही या पद्धतीत एक गोष्ट अशी आहे की जी महाराष्ट्रात असावी असे मला फार मनापासून वाटते. १ डिसेंबर २००८ पासून स्कॉटलंडमध्ये जुने घर विकायला काढणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने ‘होम रिपोर्ट’ करून घेणे बंधनकारक आहे. त्यात सर्वेक्षकाने केलेली घराची पाहणी आणि त्याने ठरवलेली किंमत, ऊर्जावापराचा अहवाल आणि विक्रेत्याने भरून दिलेली प्रश्नावली असते. घर पहिल्यांदा बाजारात येते तेव्हा हा अहवाल बारा आठवड्यांहून जुना असून चालत नाही. छत, भिंतीतली ओल, गटारे अशा प्रत्येक भागाला १ ते ३ अशी श्रेणी दिलेली असते आणि ३ म्हणजे दुरुस्ती तातडीने हवी. अहवाल विक्रेत्याने मागवलेला असला तरी खरेदीदारालाही त्यावर विसंबता येते. कर्ज देणारी बँक सर्वसाधारणपणे अहवालातल्या किमतीच्या आधारावरच कर्ज देते, त्यामुळे त्याहून जास्त बोली लावणाऱ्याला वरची सगळी रक्कम स्वतःच्या बचतीतून घालावी लागणार हे आधीच ठाऊक असते. छतासाठी किती पैसे कमी करायचे हा वाद इथेही होतो, पण छत गळते की नाही हा वाद होत नाही.

पुण्यातल्या खरेदीदाराजवळ काय असते? जाहिरातीतला आकडा, ‘गेल्याच महिन्यात याच इमारतीतला फ्लॅट एवढ्याला गेला’ हे एजंटचे वाक्य आणि कार्पेट (भिंतींच्या आतले वापरायचे) की सेलेबल (सामायिक जागेचा वाटा धरून वाढवलेले) हे न सांगता उच्चारलेले क्षेत्रफळ. वास्तविक महाराष्ट्रात माहितीचा एक उत्तम साठा आहे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्तांची सूची क्रमांक २, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला इंडेक्स टू, शोधता येतो आणि त्यात मोबदला, बाजारभाव आणि क्षेत्रफळ नोंदलेले असते. त्याच इमारतीतले अलीकडचे चार-पाच व्यवहार काढून मग विक्रेत्यासमोर बसावे, इतके हे सोपे असायला हवे होते. तसे होत नाही, कारण त्या नोंदीतला मोबदला पूर्ण खरा आहे याची खात्री नसते. किमतीचा काही भाग रोखीने घेण्याची चाल अजून गेलेली नाही.

या रोखीच्या भागाविषयी ‘दोघांचाही फायदा होतो’ असे जे सहज म्हटले जाते, ते हिशेबाने तपासून पाहावे. एक कोटी रुपयांच्या सौद्यात वीस लाख रोख द्यायचे ठरले आणि दस्त ऐंशी लाखांचा झाला, असे समजू. रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकाने येणारी, किंमत ऐंशी लाखांहून जास्त नसेल, तर पुण्यातल्या सात टक्के मुद्रांक शुल्काच्या दराने खरेदीदाराचे एक लाख चाळीस हजार वाचतात. मात्र ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची किमतीच्या ८० टक्क्यांची आणि त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्क्यांची मर्यादा आहे. पूर्ण किमतीचा दस्त असता तर ७५ लाखांपर्यंत कर्ज मिळून स्वतःचे २५ लाख लागले असते. आता कर्ज ६४ लाखांवर येते आणि पदरचे ३६ लाख उभे करावे लागतात. पुढे हेच घर विकताना ते वीस लाख खरेदीच्या किमतीत दिसत नाहीत, म्हणून तेवढा नफा जास्त दिसतो आणि साडेबारा टक्क्यांनी त्यावर अडीच लाखांचा कर बसू शकतो. विक्रेत्याचा करही आपणच भरायचा आणि कर्जही कमी घ्यायचे, याला फायदा म्हणता येत नाही. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्याला २०१५ पासून कायद्याने मनाई आहे आणि दंड स्वीकारलेल्या रकमेइतका आहे.

यापेक्षाही मोठे नुकसान तिसऱ्याच माणसाचे होते. ऐंशी लाखांची ती नोंद पाहून शेजारचा फ्लॅट घ्यायला आलेला मनुष्य विक्रेत्याला तो आकडा दाखवतो आणि विक्रेता हसून सांगतो की, कागदावरचे सोडा. एका खोट्या नोंदीने पुढच्या सगळ्या खरेदीदारांच्या हातातला पुरावा निकामी होतो.

परदेशस्थांवरच्या आरोपाकडेही याच बाजूने पाहावे लागते. रजा थोडी असते, अंतर मोठे असते, त्यामुळे आमच्यातले अनेक जण घाईने होकार देतात हे खरे आहे आणि तो दोष आम्ही मान्य केला पाहिजे. पण आम्हाला पैसे बँकेमार्फतच पाठवावे लागतात, त्यामुळे आमची किंमत दस्तात पूर्ण येते. एकाच मजल्यावर एक दस्त पूर्ण रकमेचा आणि दुसरा अर्धवट रकमेचा असेल, तर पूर्ण रक्कम लिहिणाऱ्यानेच भाव चढवला असा समज होणे स्वाभाविक आहे.

आपल्याकडच्या पद्धतीतली एक गोष्ट मात्र मी स्कॉटलंडच्या बंद बोलीपेक्षा निःसंशय वरची मानते. आपल्याकडे खरेदीदार आणि विक्रेता समोरासमोर बसतात. विक्रेत्याला मुलीच्या शिक्षणासाठी पैसे जूनच्या आत हवे आहेत की नवे घर तयार होईपर्यंत ताबा लांबवायचा आहे, हे बोलण्यातून कळते. मग इसाराची रक्कम, हप्ते, सोसायटीची थकबाकी, ताब्याची तारीख या सगळ्यांची सांगड घालून दोघांनाही परवडेल असा सौदा जुळवता येतो. माझ्या पाहण्यात एका सौद्यात किमतीचा आकडा जरासुद्धा न हलता केवळ ताबा चार महिने पुढे गेल्याने दोन्ही घरांची अडचण सुटली होती. बंद लिफाफ्याला असे काही जमत नाही.

म्हणून समोरासमोरची बोलणी राहावी आणि तिच्या आधी अहवाल यावा, अशी माझी मागणी आहे. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाच्या कायद्याने विकासकांच्या प्रकल्पांना माहिती जाहीर करायला लावले, पण दोन व्यक्तींमधल्या पुनर्विक्रीला तो सहसा लागू होत नाही. पुनर्विक्रीच्या सदनिकेसाठी मोजलेले कार्पेट क्षेत्र, भोगवटा प्रमाणपत्र, जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर होणे, झाले आहे की नाही, सोसायटीची आणि बँकेची थकबाकी, पार्किंग कोणत्या ठरावाने मिळाले आणि गळतीची स्थिती एवढे एका नमुन्यात विक्रेत्याने जाहिरातीआधी द्यावे. खर्च वाढेल हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही, कारण गळती आणि मोजमाप सोडले तर यातली बहुतेक कागदपत्रे सोसायटीच्या कार्यालयात किंवा विक्रेत्याच्या कपाटात असतातच. आज ती इसार दिल्यानंतर, वकिलाने मागितल्यावर बाहेर येतात आणि तोपर्यंत खरेदीदाराचे पैसे अडकलेले असतात.