'दिसतं' हा शब्द चुकला, पण 'थापा' नाहीत

नमस्कार. पांडाची मादी गाभण आहे का हे उष्णतेच्या कॅमेऱ्याने तपासण्यावर मी लेख लिहिला होता. त्यावर तुम्ही लिहिलंय, "उष्णतेच्या कॅमेऱ्यात पांडाच्या पोटातलं पिल्लू दिसतं म्हणे! थापा बंद करा. हॉर्मोनची तपासणी असताना हा खटाटोप कशाला?"

पहिल्या मुद्द्यावर कान पकडतो. 'दिसतं' हा शब्द माझाच, आणि तो चुकलाच. हा कॅमेरा कातडीच्या आत डोकावत नाही. अंगावरून बाहेर पडणारी उष्णता तेवढी टिपतो. त्यात पांडाचे केस दाट. कोविडच्या दिवसांत सोसायटीच्या गेटवर कपाळासमोर धरायचे ते पिस्तूल आठवा: भर उन्हातून आलेल्या धडधाकट माणसालाही ताप दाखवायचं. इथेही तेच. मादी उन्हात बसली होती का, पोटाकडचे केस ओले आहेत का, हे आधी बघावं लागतं. एका फोटोवर काहीच ठरत नाही.

दुसरा मुद्दा मात्र मान्य नाही. त्या तपासणीत बघतात ते प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गरोदरपणात वाढणारं हॉर्मोन, पांडाच्या बाबतीत चक्क फसवतं. मादी वर्षातून एकदाच माजावर येते, गर्भ राहण्याजोगे दिवस जेमतेम दोन-तीन. पुढे गर्भ असो वा नसो, लघवीतलं प्रोजेस्टेरॉन सारखंच चढतं. बाई घरटं रचते, बांबूला तोंड लावत नाही, दिवसभर लोळत पडते. आणि शेवटी काहीच नाही! फलित बीजही लगेच रुजत नाही, आठवडे नाहीतर महिने तसंच राहतं, त्यामुळे दिवस मोजायचीही सोय नाही. पोट बघावं, तर शंभरेक किलोच्या आईचं पिल्लू शंभरेक ग्रॅमचं.

खात्री होते ती सोनोग्राफीनेच. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मेई शियांग या पांडाचा गर्भ १४ ऑगस्ट २०२० ला दिसला आणि २१ ला ती व्यालीसुद्धा, वयाच्या २२ व्या वर्षी! पण ती पोटाला जेल लावून घ्यायला तयार झाली म्हणून हे जमलं. दिवस भरत आले की बऱ्याच माद्या बाळंतिणीच्या खोलीतून हलत नाहीत. कॅमेऱ्याला तिची परवानगी लागत नाही, लांबून काम होतं. सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात बाई युन या मादीच्या बाबतीत (नावातच बाई, अर्थ मात्र 'पांढरा ढग') तो वापरला गेला, सोनोग्राफीच्या जोडीला. तिच्या जागी नव्हे.

मूळ लेखातलं वाक्य बदललंय: 'पिल्लू दिसतं' काढून 'पोटावरच्या तापमानातला फरक दिसतो' केलंय. 'थापा' तेवढं तुम्ही मागे घ्या.