‘रिपोर्ट ग्रुपवर टाका, काही होत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या डॉक्टरांच्या आणि लॅबवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: व्हॉट्सअ‍ॅप एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड आहे, त्यामुळे पेशंटचा रिपोर्ट मधे कोणी वाचू शकत नाही. ग्रुपवर सगळे आपलेच लोक असतात. नाव झाकलं की गोपनीयतेचा प्रश्न मिटतो. सरकारने २०२० मध्येच व्हॉट्सअ‍ॅपला मान्यता दिली आहे. रात्री-अपरात्री रेफर करताना पासवर्डच्या भानगडीत पडलं तर पेशंट हातचा जाईल. आणि आपल्याकडच्या लोकांना या गोष्टींचं काही वाटतही नाही.

मी शहादा-तळोदा भागात प्रॅक्टिस करतो. माझे पेशंट धुळ्याला जातात, नाशिकला जातात, नवापूरमार्गे सुरतेला जातात, आणि त्यांचे कागद त्यांच्या आधी किंवा मागून जात असतात. त्यामुळे हा मेसेज वाचून सोडून देणं मला जमलं नाही.

एन्क्रिप्शनचं पहिलं वाक्य खरं आहे. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो, मधल्या सर्व्हरवर तो वाचता येत नाही. पण रिपोर्ट फुटतात ते रस्त्यात नव्हे. रावेरहून केळीचा ट्रक दिल्लीपर्यंत सीलबंद गेला आणि तिथे माल उघड्यावर उतरवून ठेवला, तर त्या सीलचा काय उपयोग? फोनवर उतरल्यानंतर काय होतं ते बघा. ऑटो-डाउनलोड आणि ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ चालू असेल तर फोटो थेट गॅलरीत जातो, लग्नाच्या आणि वाढदिवसाच्या फोटोंच्या रांगेत. त्या फोल्डरचा गूगल फोटोजवर बॅकअप चालू असेल, तर त्याच खात्याने उघडलेल्या घरच्या टॅबवर मुलांनाही तो दिसतो. चॅटच्या बॅकअपलाही एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन लावायची सोय २०२१ मध्ये आली, पण ती सेटिंगमध्ये जाऊन आपण स्वतः चालू करावी लागते. शिवाय मुख्य फोनखेरीज आणखी चार डिव्हाइस एका खात्याला जोडता येतात. आपल्या खात्याला कुठले कॉम्प्युटर जोडलेले आहेत, हे ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन आजच बघा.

एका दवाखान्यात काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब दिवसभर उघडं असायचं आणि मॉनिटरचं तोंड निम्मं बाकांकडे. रिसेप्शनवरची ताई केसपेपर शोधायला उठली, तेव्हा स्क्रीनवर एका बाईचा सोनोग्राफीचा रिपोर्ट नावासकट तसाच राहिला. बाकावरच्या दोघींपैकी एकीने तो वाचला आणि दुसरीला कोपराने खुणावलं. त्या बाईची गोष्ट तिच्या नवऱ्याच्या आधी बाकावर पोचली होती. कुलूप कोणी तोडलं नव्हतं, कोणी काही हॅक केलं नव्हतं.

‘ग्रुपवर सगळे आपलेच’ हे तर ग्रुप इन्फो उघडलं की कोसळतं. एका ग्रुपमध्ये १०२४ पर्यंत माणसं मावतात. तालुक्याच्या ग्रुपवर डॉक्टरांबरोबर एमआर (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) असतात, लॅबचे कलेक्शन बॉय असतात, मेडिकलवाले असतात, अ‍ॅम्ब्युलन्सचे चालक असतात. ती वाईट माणसं नाहीत, पण त्या पेशंटच्या उपचाराशी त्यातल्या एखाद-दुसऱ्याचाच संबंध असतो. रिपोर्ट ज्याला हवा आहे तो एक माणूस आहे, त्यालाच पाठवा.

आता नाव झाकण्याबद्दल. मला या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच वाटतं, कारण ते वाचून चांगली, काळजी घेणारी माणसंही निर्धास्त होतात.

सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेलचं, म्हणजे आई-बापांकडून येणाऱ्या एका रक्ताच्या आजाराचं, प्रमाण जास्त आहे. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. आधी सोल्युबिलिटी टेस्ट ही रक्ताची प्राथमिक तपासणी, ती पॉझिटिव्ह आली की खात्रीसाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही लॅबमधली तपासणी, आणि मग हातात येतो तो ‘एएस पॅटर्न’ किंवा ‘एसएस पॅटर्न’ असा रिपोर्ट. एसएस म्हणजे आजार असलेला, एएस म्हणजे वाहक. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ही माहिती लग्नाआधी त्या मुलीला आणि मुलाला मिळावी, त्यांनी समुपदेशकाशी बोलून ठरवावं, म्हणून तर तपासणी करायची. आता समजा रिपोर्टवरचं नाव झाकलं आणि खाली राहिलं: वय १९, स्त्री, पाड्याचं नाव, एएस पॅटर्न. चाळीस घरांच्या पाड्यात १९ वर्षांच्या मुली किती असणार? त्यातली बाहेरगावी नर्सिंगला शिकणारी, सुट्टीत येऊन रक्त देऊन गेलेली एकच. ग्रुपवरच्या कोणीतरी तिच्या गावच्या माणसाला सहज सांगितलं की बोलणी चाललेल्या घरी निरोप जातो, आणि ‘वाहक’चं बोलताबोलता ‘आजारी’ होतं. मुलीला काही कळायच्या आत सोयरीक मोडते. पुढच्या शिबिराला त्या पाड्यातून रक्त द्यायला कोण येईल? गोपनीयता मोडली की पहिला फटका तपासणीलाच बसतो.

दुसरी बाजूही आहे, आणि ती डॉक्टरांना लगेच पटावी. नाव पूर्ण कापून पाठवलेला एक्स-रे घेणाऱ्याने कोणाचा समजायचा? एकाच दिवशी दोन फ्रॅक्चर आली आणि दोन्ही बिननावाची, तर अदलाबदल व्हायला किती वेळ लागतो? फोटो कापताना डाव्या-उजव्या बाजूची खूणही जाते. म्हणून उपचारासाठी पाठवताना ओळख काढून टाकायची नसते, नाव आणि दुसरी एक ओळख ठेवून योग्य माणसालाच पाठवायचं असतं. शिकवण्यासाठी किंवा चर्चेसाठी केस मांडायची असेल तर मात्र वय, गाव, तारीख सगळंच काढा. आणि सीटी स्कॅनच्या शेकडो स्लाइसऐवजी व्ह्यूबॉक्सवर (फिल्म बघायच्या दिव्याच्या पेटीवर) लावलेल्या फिल्मचा फोटो पाठवून मत मागू नका. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं, बारीक रेष दिसेनाशी होते.

‘सरकारने मान्यता दिली’ हे अर्धं खरं आहे. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी चॅटवरून सल्ला द्यायला वाट करून दिली. पण त्याच सूचनांनी डॉक्टरला २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या आचारसंहितेला आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याला बांधून ठेवलं आहे. त्यात ‘ग्रुपवर रिपोर्ट टाका’ असं कुठेच नाही. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे: उपचार करणारा एक डॉक्टर दुसऱ्या उपचार करणाऱ्याला गरजेपुरतं सांगू शकतो, बाकी कोणाला, कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर, पेशंटच्या संमतीशिवाय नाही. गर्भपात केलेल्या बाईचं नाव-गाव बाहेर पडलं तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे आणि सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

राहिला तातडीचा मुद्दा. हा प्रामाणिक आहे. धडगावहून डोक्याला मार लागलेला मुलगा रात्री दोन वाजता घाट उतरून येतोय, तेव्हा कोणी पासवर्ड घालत बसू नये. २०२३ चा डेटा कायदाही जिवावरच्या प्रसंगात संमतीसाठी अडवत नाही. पण अशा वेळी ग्रुप कामाचाच नसतो. ग्रुपवर टाकलेलं वीस जण बघतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने उचललं असेल. फोन लावा, समोरच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीतल्या (तातडीच्या विभागातल्या) डॉक्टरशी बोला, मग त्याच एका नंबरवर कागद पाठवा. हेच सुरक्षित आणि हेच लवकर होणारं. अडचण अशी, की रात्री दोनचं कारण सांगून आपण सकाळी अकराचे थायरॉइडचे रिपोर्टही ग्रुपवर टाकत राहतो.

‘लोकांना काही वाटत नाही’ असं लिहिणाऱ्याने तपासणीच्या टेबलाशी बसून बघावं. औषधाची चिठ्ठी घेऊन दारापर्यंत गेलेली बाई परत येते, आवाज खाली करते आणि म्हणते, ‘घरमा कोनले सांगू नका, डॉक्टरसाहेब.’ टीबीसाठी म्हणते, पाळी चुकल्यासाठी म्हणते, झोपेच्या गोळीसाठीही म्हणते. माझ्याकडे हे नेहमी होतं.

रोजच्या कामाला खर्च फारसा नाही. रिपोर्टच्या पीडीएफला पासवर्ड लावा, तो जन्मतारीख किंवा मोबाइल नंबर नको, कारण ते गावाला माहीत असतात. फाइल मेलने पाठवली तर पासवर्ड फोनवर सांगा, त्याच मेलमध्ये लिहू नका. मेलचा पत्ता एकदा वाचून खात्री करा. दवाखान्याचा फोन घरच्या फोनपासून वेगळा ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (जादा पिन) लावा, मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा. ज्यांचं सॉफ्टवेअर आयुष्मान भारत डिजिटल मिशनला, म्हणजे आरोग्याच्या नोंदी जोडणाऱ्या सरकारी व्यवस्थेला, जोडलेलं आहे त्यांनी पेशंटचा १४ आकडी आभा नंबर (आरोग्य खात्याचा क्रमांक) वापरावा. तिथे नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते आणि दुसऱ्या डॉक्टरला पेशंटच्या संमतीने दिसते. आणि पेशंट स्वतःच जाणार असेल तर बंद पाकिटात रेफरल चिठ्ठी आजही चालते.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावंच लागलं, तर समोरून ‘मिळाला, केसपेपरला लावला’ एवढं उत्तर घ्या. आपल्याकडेही रिपोर्ट पेशंटच्या नोंदीत ठेवा, कारण २००२ च्या आचारसंहितेनुसार भरती पेशंटचे कागद तीन वर्षं सांभाळावे लागतात. मग फोनमधला फोटो उडवा. बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस पडून राहतो, तिथूनही काढा.